कर्मचाऱ्यांचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड तपासायचं कसं: आधी नियम, मग नावं

एचआर किंवा ॲडमिनमध्ये नवीन असाल आणि वरून निरोप आला असेल की "आपल्याकडे गाड्या चालवणाऱ्यांचं जरा रेकॉर्ड चेक करून घ्या", तर पहिला मोह होतो तो सगळ्यांची लायसन्सं गोळा करायचा, झेरॉक्स काढायचा आणि फाईलला लावून मोकळं व्हायचा. अर्ध्या दिवसात काम संपतं, फाईल जाड दिसते, आणि कोण कशी गाडी चालवतो ते पहिल्याइतकंच अंधारात राहतं. कारण लायसन्स एवढंच सांगतं की या माणसाने कधीतरी टेस्ट पास केली होती, त्यानंतर रस्त्यावर काय काय केलं ते रेकॉर्डमध्ये, म्हणजे दंड, गुन्हे आणि लायसन्सवरच्या बंदीच्या सरकारी नोंदींमध्ये असतं, आणि रेकॉर्डसुद्धा सगळं सांगत नाही, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितोय.

पायरी १: गाडी नक्की चालवतं कोण ते शोधा

ड्रायव्हर म्हणून भरती झालेल्यांची यादी तयारच असते, त्यात काही करायचं नसतं. खरं काम यादीबाहेरच्यांचं. सेल्सवाला स्वतःच्या बाईकवर कस्टमरकडे जातो, अकाउंट्समधली कोणीतरी चेक टाकायला स्वतःची स्कूटर काढते, सर्व्हिस इंजिनिअर बाहेरगावी गेला की भाड्याची गाडी घेतो, आणि मोठे साहेब कंपनीची कार घरी नेतात जी सुट्टीच्या दिवशी त्यांचा मुलगा चालवतो. ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या पण कामासाठी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांना 'ग्रे फ्लीट' म्हणतात, नाव छान आहे कारण त्या गाड्या कंपनीच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात पण ॲक्सिडेंट झाला की जबाबदारीचा प्रश्न कंपनीच्या दारात येतो.

ही माणसं शोधायला कोणाला विचारत बसू नका, लोक विसरतात किंवा "मी कुठे चालवतो, कधीतरीच" म्हणतात. सरळ अकाउंट्समध्ये जा आणि गेल्या वर्षभरातली प्रवासखर्चाची बिलं मागा. ज्याने किलोमीटरचे किंवा पेट्रोलचे पैसे घेतलेत तो ड्रायव्हर, विषय संपला. त्याशिवाय फ्युएल कार्डं कोणाकडे आहेत, गेटवरच्या गाडीच्या रजिस्टरमध्ये कोणाच्या सह्या आहेत ते बघा. प्रत्येक नावापुढे गाडी कुठली, साधारण किती वेळा, माणसं नेतो की माल, आणि रात्री चालवतो का एवढं लिहून ठेवा. महिन्यातून एकदा जवळच जाणारा आणि रोज रात्री भरलेला ट्रक नेणारा, दोघांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही.

पायरी २: एकही रेकॉर्ड उघडायच्या आधी नियम लिहा

ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि मग सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. नियम नसताना रेकॉर्ड मागवलं की होतं असं, की नव्या पोराच्या नावावर दोन ओव्हरस्पीड दिसले तर "नको बाबा असला माणूस", आणि सगळ्यात जास्त धंदा आणणाऱ्या सेल्सवाल्याच्या नावावर तीन दिसले तर "त्याचं फिरणंच एवढं आहे, होणारच". दोन्ही निर्णय माणूस बघून घेतलेले, रेकॉर्ड बघून नाही. नंतर कोर्टात किंवा नुसतं युनियनसमोर सुद्धा हे टिकत नाही. म्हणून कोणाचंही नाव डोळ्यासमोर नसताना, कोरा कागद घेऊन ठरवा.

काय ठरवायचं? एक, किती मागचं बघायचं. ३ वर्षं हा आकडा बऱ्याच ठिकाणी सापडतो, अमेरिकेत मोठे ट्रक चालवणाऱ्याला कामावर घेताना मागच्या ३ वर्षांचं रेकॉर्ड मागवायचा नियमच आहे, आणि साध्या गाड्यांसाठीही सुरुवातीला तेवढं पुरतं. दोन, गुन्ह्यांचे गट. वरच्या गटात दारू किंवा नशा करून चालवणं, धडक देऊन पळून जाणं, लायसन्स सस्पेंड असताना चालवणं, रस्त्यावर रेस लावणं, कोणाचा जीव जाईल असं बेदरकार चालवणं. यातलं एक जरी ठरलेल्या मुदतीत असेल तर कंपनीच्या कामासाठी स्टिअरिंग नाही, चर्चा नाही. मधल्या गटात ओव्हरस्पीड, सिग्नल तोडणं, मोबाईल, चुकीचं ओव्हरटेक, आणि ज्यात चूक त्याचीच होती असे ॲक्सिडेंट. खालच्या गटात कागदपत्रं जवळ नसणं, दिवा बंद असणं असली किरकोळ प्रकरणं. पार्किंगचे दंड मी तर मोजतच नाही, त्यातून माणूस कसा चालवतो हे काही कळत नाही, फार तर जागा मिळत नव्हती एवढं कळतं.

मोबाईलबद्दल थोडं जास्त बोलतो कारण लोक त्याला हलक्यात घेतात. ताशी ६० किलोमीटरच्या स्पीडला गाडी सेकंदाला १६ मीटरपेक्षा जास्त अंतर कापते, म्हणजे ३ सेकंद मेसेज वाचला तर ५० मीटर गाडी कोणीच बघत नसताना पुढे गेली. ओव्हरस्पीडवाला निदान समोर बघत असतो. म्हणून मधल्या गटातही मोबाईलला दुप्पट वजन द्यावं असं माझं मत आहे, ब्रिटनने सुद्धा २०१७ मध्ये मोबाईलचे पेनल्टी पॉइंट (गुन्ह्यागणिक लायसन्सवर चढणारे गुण, ठरावीक झाले की लायसन्स जातं) ३ वरून ६ केले.

नियम पक्का करायच्या आधी विमा कंपनीला एक मेल टाका आणि विचारा की पॉलिसीत ड्रायव्हरच्या वयाची, अनुभवाची किंवा जुन्या गुन्ह्यांची काही अट आहे का. असेल तर तुमचा नियम तिच्यापेक्षा ढिला ठेवून चालणार नाही. आणि अपवाद करायचा झाला तर दोन जणांची सही आणि लेखी कारण, हे पण नियमातच घाला. साहेबांनाही तोच नियम, त्यांच्या मुलाला तर नक्कीच.

पायरी ३: लेखी संमती

रेकॉर्ड ही माणसाची खाजगी माहिती आहे, गुपचूप काढायची नाही. एका पानाचा फॉर्म पुरे: काय तपासणार, कशासाठी, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, पुढे दरवर्षी पुन्हा तपासणार का. अमेरिकेत बाहेरच्या तपासणी एजन्सीकडून रेकॉर्ड काढायचं असेल तर ही सूचना नोकरीच्या अर्जात कुठेतरी बारीक अक्षरात घुसवून चालत नाही, वेगळा कागद लागतो आणि त्यावर सही लागते. युरोपमध्ये गुन्ह्यांच्या माहितीला डेटा संरक्षणाच्या कायद्यात वेगळं कलम आहे आणि तिथे नुसत्या संमतीवर भागत नाही, कायद्याचा आधारही लागतो. भारतात २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. तुमच्याकडे जो लागू असेल तो वकिलाला एकदा दाखवून घ्या, फॉर्म एकदाच करायचा असतो.

पायरी ४: लायसन्स स्वतः हातात घेऊन बघा

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालणार नाही. मूळ कार्ड घ्या, फोटो समोरच्या माणसाशी जुळवा, नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा. मग मुदत. मग वाहनाचा वर्ग, आणि इथेच नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा असं निघतं: माणूस म्हणतो दहा वर्षं गाडी चालवतोय, कार्डावर फक्त दुचाकी. वर्गाचा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नसतो. भारतात हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर माल किंवा प्रवासी वाहतुकीची गाडी चालवता येते का यावर वर्षानुवर्षं वाद होता, शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजन असलेल्या गाडीला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे गाडीच्या कागदावरचं एकूण वजन आणि लायसन्सचा वर्ग, दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायचे.

आणि कार्डाच्या मागच्या बाजूचे बारीक आकडे. युरोपच्या लायसन्सवर ०१ हा कोड असेल तर चष्मा किंवा लेन्स लावूनच चालवायचं, ७८ असेल तर फक्त ऑटोमॅटिक गाडी. ज्याच्या कार्डावर ७८ आहे त्याला गिअरची व्हॅन दिली तर तो त्या गाडीपुरता बिनलायसन्सचाच झाला, आणि देणारे तुम्ही.

पायरी ५: रेकॉर्ड मिळवा

प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. ब्रिटनमध्ये लायसन्सच्या कार्डासोबत पॉइंटची नोंद असलेला कागद, म्हणजे काउंटरपार्ट, असायचा, तो २०१५ साली बंद झाला, आता कर्मचारी स्वतः सरकारी वेबसाईटवर जाऊन एक चेक कोड काढून देतो, तो २१ दिवस चालतो, तुम्ही तो टाकला की पॉइंट आणि बंदी सगळं समोर. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं मोटर व्हेईकल रेकॉर्ड वेगळं, त्यामुळे माणूस मागच्या ३ वर्षांत तीन राज्यांत लायसन्सधारक असेल तर तिन्हीकडून काढावं लागतं, एकच काढलं तर बाकीचं दिसेलच असं नाही. भारतात सारथी पोर्टलवर लायसन्सची स्थिती कळते, पण दंड बरेचदा गाडीच्या नंबरवर असतात, ते वेगळे बघावे लागतात. जिथे पॉइंटची पद्धत आहे तिथे पॉइंट किती झाले की लायसन्स जातं ते माहीत करून घ्या, ब्रिटनमध्ये ३ वर्षांत १२, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पूर्ण लायसन्सला ३ वर्षांत १३. नऊ पॉइंटवाला माणूस दिसायला 'वैध' असतो पण अजून एक चूक आणि तुमचा रूट बंद.

नव्या माणसाला ऑफर दिल्यावर पण चावी द्यायच्या आधी तपासा. रुजू करून, गाडी देऊन मग रेकॉर्ड मागवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पायरी ६: रेकॉर्ड वाचायला शिका

इथे घाई करू नका. समजा दोन माणसांची रेकॉर्डं समोर आहेत. पहिल्याच्या नावावर चार नोंदी: चारही ओव्हरस्पीड, चारही अडीच वर्षांपूर्वीच्या एकाच महिन्यातल्या, त्यानंतर काहीच नाही. दुसऱ्याच्या नावावर तीनच: अकरा महिन्यांपूर्वी मोबाईल, सहा महिन्यांपूर्वी सिग्नल, दोन महिन्यांपूर्वी मागून धडक. नुसत्या मोजणीत पहिला वाईट. पण पहिल्याचं काय झालं असेल, नवीन कॅमेरा बसला, स्पीड लिमिट कमी झालं, हा रोज त्याच रस्त्याने जायचा, पावत्या घरी येईपर्यंत महिना गेला, पावत्या आल्या आणि तो सुधारला. दुसऱ्याच्या तिन्ही नोंदी एकच गोष्ट सांगतात की लक्ष रस्त्यावर नाहीये, आणि ते वाढत चाललंय. मला निवडायचं झालं तर पहिल्याला गाडी देईन, दुसऱ्याला आधी समोर बसवेन. म्हणून नियमात नुसता आकडा ठेवू नका, नोंदी किती जुन्या आहेत आणि एकाच जातीच्या आहेत का हे पण घाला.

तारखा बघताना फसायला होतं. रेकॉर्डवर गुन्ह्याची तारीख एक आणि कोर्टाच्या निकालाची दुसरी असू शकते, मध्ये वर्ष जाऊ शकतं. तुमची ३ वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची ते ठरवून लिहा, माझ्या मते गुन्ह्याची तारीख, कारण माणूस त्या दिवशी तसा चालवत होता. उलट बाजूने, काही नोंदी तुमच्या ३ वर्षांच्या पलीकडेही रेकॉर्डवर राहतात, ब्रिटनमध्ये दारू पिऊन चालवल्याची नोंद ११ वर्षं असते. दिसतेय म्हणून मोजायचीच असं नाही, तुमच्या नियमात जी मुदत आहे तीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याचा दंड येतो गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या नावावर. कंपनीची गाडी असेल तर मालक कंपनी. पावती येते, अकाउंट्स ती इतर बिलांसारखी भरून टाकतं, आणि चालवणाऱ्याच्या रेकॉर्डला डागसुद्धा लागत नाही. म्हणजे वर्षानुवर्षं कंपनीची गाडी सुसाट पळवणाऱ्याचं रेकॉर्ड धुतल्या तांदळासारखं स्वच्छ, आणि ते स्वच्छ ठेवायला पैसे दिले तुम्हीच. उलटही होतं, स्वतःची बाईक भावाला दिली, त्याने सिग्नल तोडला, चलान आलं याच्या नावावर.

यावर उपाय साधा पण कंटाळवाणा आहे. गाडीच्या रजिस्टरमध्ये कोण, कधीपासून कधीपर्यंत हे रोज लिहिलं गेलं पाहिजे, आणि प्रत्येक दंडाची पावती भरायच्या आधी तारीख-वेळ बघून त्या नावापुढे नोंदवली गेली पाहिजे. बऱ्याच देशांत गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना सांगणं मालकाचं कायदेशीर कामच आहे, त्यामुळे "माहीत नाही" म्हणून सुटका होत नाही. तुम्ही नव्याने हे काम घेतलं असेल तर मागच्या वर्षाच्या दंडाच्या पावत्या काढा आणि रजिस्टरशी ताडून बघा, सरकारी रेकॉर्डपेक्षा जास्त माहिती इथेच मिळेल. विम्याच्या जुन्या क्लेमची फाईल पण काढा, पार्किंगमध्ये घासलेल्या बंपरची नोंद पोलिसांकडे नसते पण गॅरेजच्या बिलात असते.

आणि अगदी कोरं रेकॉर्ड? त्याचा एक अर्थ चांगला ड्रायव्हर, दुसरा अर्थ लायसन्स काढलं आणि कपाटात ठेवलं, तिसरा अर्थ कधी पकडला गेला नाही. तिन्ही कागदावर सारखेच दिसतात. म्हणून रेकॉर्ड कसंही असो, शेजारी बसून अर्धा-पाऊण तास गाडी चालवून बघितल्याशिवाय चावी देऊ नका, आणि ज्या गाडीवर काम करायचंय त्याच गाडीवर. रिव्हर्स घेताना खाली उतरून मागे बघतो का, पुढच्या गाडीला किती चिकटतो, फोन वाजला की हात कुठे जातो. फोन तुम्हीच करायला सांगा कोणाला तरी, जरा खोडसाळपणा आहे पण उपयोगी पडतो.

पायरी ७: नोंद सापडली तर आधी बोला

रेकॉर्डमध्ये चुका असतात. सारख्या नावाच्या दुसऱ्याची नोंद चिकटलेली असते, रद्द झालेला दंड तसाच दिसत असतो. त्यामुळे रेकॉर्डची प्रत त्या माणसाच्या हातात द्या आणि विचारा, "हे बरोबर आहे का?" अमेरिकेत एजन्सीच्या रिपोर्टवरून नोकरी नाकारायची असेल तर आधी त्याला रिपोर्टची प्रत आणि त्याच्या हक्कांचा कागद देणं बंधनकारक आहे. तुमच्याकडे बंधन नसलं तरी करा. प्रश्न सरळ विचारा: "सहा महिन्यांपूर्वी इथे सिग्नलची नोंद आहे, काय झालं होतं?" आणि मग गप्प बसा. काही जण सांगतात की डिलिव्हरीला उशीर झाला की सुपरवायझर ओरडतो म्हणून. असं दोघा-तिघांकडून ऐकू आलं तर रेकॉर्ड ड्रायव्हरचं असलं तरी दोष वेळापत्रकाचा आहे, तिथे माणूस बदलून काही होणार नाही. झोपेचंही विचारा, सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा चालवतो असं प्रयोगात दिसलेलं आहे, आणि ते कुठल्याही रेकॉर्डवर येत नाही.

पायरी ८: निर्णय

नियम आधी लिहिला असेल तर हे सोपं. वरचा गट: गाडी नाही, शक्य असेल तर दुसरं काम. मधल्या गटात एखादीच नोंद: लेखी समज आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. मधल्या गटात अलीकडच्या दोन-तीन: ट्रेनिंग, मग शेजारी बसून पुन्हा चाचणी, तोपर्यंत स्टिअरिंग बंद. समज दिल्याचा कागद, त्याचं उत्तर, तुमचं कारण, तिन्ही फाईलला. "बघू पुढे" हा निर्णय नाही, तोपर्यंत तो चालवतच असतो.

पायरी ९: हे पुन्हा पुन्हा

एकदा तपासलेलं रेकॉर्ड दुसऱ्या दिवसापासून शिळं व्हायला लागतं. वर्षातून एकदा सगळ्यांचं, अमेरिकेत ट्रकवाल्यांसाठी १२ महिन्यांतून एकदा हा नियमच आहे. रोज चालवणाऱ्यांचं आणि ज्यांना समज दिलीय त्यांचं सहा महिन्यांनी. त्याच्या मधल्या काळासाठी अशी अट लिहून घ्या की दंड, ॲक्सिडेंट किंवा लायसन्स सस्पेंड झालं तर पुढची चावी घ्यायच्या आधी सांगायचं. लपवलं तर त्याची शिक्षा मूळ चुकीपेक्षा मोठी ठेवा, आणि खरं सांगणाऱ्याला चारचौघात झापू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणीच सांगणार नाही. लायसन्सच्या मुदतीच्या तारखा कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीच्या रिमाइंडरसह टाका, मुदत संपल्यावर कळण्यात अर्थ नाही.

फाईल कुलुपात, बघणारे एक-दोन जण, सोडून गेलेल्यांची ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट. गेटवर चावी देणाऱ्याला कोणाचं काय रेकॉर्ड आहे हे कळायची गरज नाही, त्याच्याकडे एवढीच यादी असू दे: नाव, कुठल्या वर्गाची गाडी चालेल, कुठल्या तारखेपर्यंत. यादीत नाव नसेल किंवा तारीख उलटून गेली असेल तर चावी नाही, समोर कोणीही असो, आणि त्या वेळी त्याच्या पाठीशी उभं राहायचं काम तुमचं.